मिरचीला शुद्ध चालत नाही

आमच्या मजल्यावर चार घरं, दोन लिफ्ट आणि एक खिडकी. घरांच्या आतल्या खिडक्या मी धरतच नाही. त्यांतून शेजारच्या टॉवरची भिंत दिसते आणि उन्हाचा दिवसभर पत्ता नसतो. ऊन येतं ते फक्त पॅसेजच्या टोकाच्या खिडकीतून, तेही सकाळी, घराघरांत आंघोळी आणि डबे चालू असतात तेवढा वेळ. खिडकीच्या डाव्या हाताला आमचं दार, उजव्या हाताला समोरच्या काकूंचं. भोईवाड्यातली आमची चाळ पाडून ही इमारत उभी राहिली. निम्मे आम्ही चाळीतलेच, निम्मे घर विकत घेऊन आलेले. काकू गिरगावातली जागा विकून आल्या. मला सांगायचं आहे ते या खिडकीबद्दल आणि माझ्या रागाबद्दल.

राग मला लहानपणापासून आहे. ऑफिसात त्याला माझा स्वभाव म्हणतात, आई मला 'लवंगी' म्हणते. मी विसरत नाही आणि सोडत तर मुळीच नाही. शाळेत माझ्या वेणीला गोंद लावणारी मुलगी पुढे बाई होऊन आमच्या ऑफिसच्या काउंटरवर आली, तेव्हा सही चौकटीबाहेर गेली म्हणून मी तिला अख्खा फॉर्म पुन्हा भरायला लावला. तिने मला ओळखलंसुद्धा नाही. मला त्या दिवशी जेवण फार गोड लागलं.

आईचं नेमकं उलट. सत्तरी ओलांडलेली माझी आई साताऱ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन परळात आली. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर ते फार काळ टिकले नाहीत. आईने म्युनिसिपालटीच्या शाळेत शिपायाची नोकरी करून मला शिकवलं. चाळीच्या गॅलरीत तिचे तेलाचे डबे असत आणि डब्यांत मिरच्या. बी तिच्या आईच्या परसातलं. दर वर्षी सगळ्यात लाल मिरची ती झाडावरच सुकू द्यायची, बी काढून राखेत घोळवायची आणि चिंधीत बांधून देव्हाऱ्याच्या जागी, म्हणजे आमच्याकडे बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो असतो त्या फळीवर, ठेवायची. बारीक, आभाळाकडे तोंड करून लागणारी मिरची. एक चावली तरी कानातून वाफ निघे.

चाळ पाडल्यावर आम्ही ट्रान्झिट कॅम्पात गेलो. तिथे ना गॅलरी, ना ऊन. बी जुनं झालं की रुसतं, उगवत नाही. नव्या घरात राहायला आलो तेव्हा चिंधीत मोजकं बी उरलं होतं आणि ते उगवेल याची आईलाही खात्री नव्हती. आंब्याचे दिवस होते. पॅसेजच्या खिडकीच्या कट्ट्यावर तिने तीन डबे मांडले आणि बी टाकलं. हे उगवलं नाही तर आजीची मिरची संपली, एवढं आम्हा दोघींना न बोलता कळत होतं.

उगवली. पुष्कळ नाही, पण उगवली. दोन दोन पानांची, पोपटी, मान वाकवून उभी. आईचं वय त्या आठवड्यात कमी झालं. सकाळी ऊन यायच्या आधी ती खिडकीशी जाऊन उभी राहायची. तांदूळ धुतलेलं पाणी, कांद्याच्या सालांचं पाणी, आंबट ताकात भरपूर पाणी घालून केलेला फवारा, पानांवर चिमटीने राख. मी म्हटलं, "आई, ऑनलाइन औषधं मिळतात, थेंबभर टाकलं की झाड ताडमाड होतं." ती म्हणाली, "ताडमाड करून मला त्यावर चढायचंय व्हय?"

तिचं सगळ्यात मोठं औषध मात्र वेगळं होतं. लालबागच्या मासळीबाजारातून तिने बांगड्यांची डोकी, शेपट्या आणि आतलं सगळं टाकाऊ मागून आणलं. मासेमारी बंद व्हायच्या आत आणलं पाहिजे, म्हणून घाई केली. प्लॅस्टिकच्या बरणीत त्यावर गूळ घालून, वर एक पिकलेलं केळं कुस्करून तिने बरणी मोरीत ठेवली. मधून मधून लाकडी काठीने ढवळायची आणि झाकण सैल ठेवायचं. महिनाभरात त्याचा काळपट पाक होतो. बादलीभर पाण्यात चमचाभर पुरतो आणि मिरचीला असा काही लागू पडतो की पानं हिरवीकच्च होतात. हे तिला चाळीतल्या एका रत्नागिरीच्या बाईने शिकवलं होतं. गूळ त्यात माशांएवढाच घालतात, तिने मात्र दुपटीने घातला, कारण मोरीला वास आलेला तिला खपत नाही.

आता काकू. काकू गोऱ्या, नीटस आणि बोलायला गोड. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मूळचे कुठले तुम्ही?" मी गाव सांगितलं. मग आडनाव विचारलं, तेही सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "हो का? आम्ही तसलं काही मानत नाही हं." मी काही विचारलं नव्हतं. आईला त्या 'मावशी' म्हणायच्या. भांडीवालीलाही मावशीच. मजल्यावरच्या बाकीच्या म्हाताऱ्यांना आजी किंवा काकू. हे मी मनात नोंदवून ठेवलं.

काकू रोज सकाळी दारात रांगोळी काढत आणि मग तांब्यातून बोटांनी गोमूत्र शिंपडत. उंबऱ्यावर शिंपडतात, पुष्कळ घरांत चालतं, आपल्याला काय करायचं आहे. पण थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की शिंपडणं उंबरा ओलांडून खिडकीकडे यायला लागलं आहे. आई गावाकडच्या पाहुण्यांकडे चार दिवस राहायला गेली होती तेव्हा ते रांगोळीपाशीच थांबलं. ती परत आली आणि पुन्हा कट्ट्यापर्यंत पोचलं. आई रोपांना पाणी घालून आत वळायची, दार लागायचं आणि मागोमाग पॅसेजमध्ये टप टप टप.

एका सकाळी आई डबा हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. रोपांच्या पानांची टोकं तपकिरी पडली होती, आणि काही रोपं तर बुडापासून करपली होती. मला वाटलं कीड असेल. आईने पान चोळून नाकाशी नेलं.

"गाईचं मूत हाय," ती म्हणाली. "ते वाईट न्हाई रोपाला. पर चोख घातलं की जाळतंय. धा पट पाणी घालावं लागतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच पायांत चपला न घालता मी करपलेलं रोप तळहातावर घेऊन काकूंची बेल वाजवली. काकूंनी रोप पाहिलं आणि माझ्याकडे कौतुकाने पाहावं तसं पाहिलं.

"अगं, गोमूत्र आहे ते. त्याने कधी कुणाचं वाईट होतं का? उलट खतच की."

"पाणी घातलं होतं का त्यात?"

"छे! पाणी घालून कसं चालेल? मग ते शुद्ध कसलं?"

"आमच्या डब्यांवर कशाला शिंपडता?"

"मी कुठे मुद्दाम शिंपडते? उडत असेल चार थेंब. रोजची सवय आहे, त्यात तुमचं काही मनात नाही हो." आणि वर म्हणाल्या, "मावशींना वाईट वाटलं का?"

मी घरी आले तेव्हा आईने तिन्ही डबे आत आणले होते. भिंतीकडच्या खिडकीत, जिथे ऊन येत नाही तिथे मांडले होते. मी तावातावाने सगळं सांगायला लागले. सोसायटीत तक्रार करू, पोलिसात जाऊ, तिच्या रांगोळीवर बादली ओतते. आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "नगं. ते शिंपडनं मला कळतंय. माझी आय दळण घिऊन वरच्या आळीतनं आली की मागनं असंच शिंपडायचे. मी तिचा पदर धरून चालायची. आवाज बी असाच हुता."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. चाळीतल्या इतक्या वर्षांत, माझ्या इतक्या प्रश्नांना उत्तर देताना, कधीही नाही. तिने राखेच्या डबीचं झाकण लावलं आणि भाजी निवडायला बसली.

त्या दिवसापासून आई खिडकीपाशी गेली नाही. खाली बागेत जायचं तर दार उघडून थेट लिफ्टमध्ये, मान खाली. इंद्रधनुष्यासारख्या साड्या नेसणारी, रस्त्यात कुणालाही थांबवून 'बरं हायसा?' विचारणारी माझी आई आपल्याच दाराबाहेर चोरासारखी वागायला लागली. मिरच्या जगतील की मरतील हा प्रश्न उरलाच नाही. मला आई त्या उन्हात परत उभी राहिलेली पाहायची होती, आणि काकूंनी ते पाहायला हवं होतं. त्याशिवाय मी स्वस्थ बसणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी डबे मीच परत खिडकीत ठेवले. पाणी मी घातलं, ऑफिसला जायच्या आधी, साडी नेसून, पर्स खांद्याला लावून. काकूंचं दार किलकिलं होतं. माझ्या मागे त्यांनी शिंपडलं नाही. माझी नोकरी, माझी पर्स आणि माझी जीभ यांची त्यांना थोडी भीती असावी. वाचलेली रोपं हळूहळू सावरली. आई आतून विचारायची, "शेंडा फुटला का? पानं मुरडली न्हाईत न्हवं?" मी फोनवर फोटो काढून दाखवायची. दारापासून दहा पावलांवरच्या झाडाचा फोटो! तो दाखवताना दर वेळी माझा राग थोडा वाढायचा.

बरणीतला पाक तयार झाला आणि मला सूड सुचला. श्रावणात काकूंच्या सुनेची मंगळागौर होती. पॅसेजमध्ये चपलांचा ढीग, नऊवारी नेसलेल्या बायका, अत्तर, फुलं. भर श्रावणात, भर मंगळागौरीला, काकूंच्या दारासमोर बांगड्यांच्या कुजलेल्या डोक्यांची बरणी उघडायची! बस. आईला काही न सांगता मी बरणी खिडकीत नेऊन ठेवली, नाकाला पदर लावला आणि झाकण काढलं.

काही झालं नाही. म्हणजे वास आला, पण आंबूस, गोड, थोडासा ताडीसारखा. आईचा दुप्पट गूळ आणि ते केळं नडलं. दारातून एक नऊवारीतली बाई डोकावली आणि म्हणाली, "अय्या, काकवी का हो? कित्ती दिवसांनी वास आला!" काकूही आल्या. नाक पुढे करून त्यांनी चांगला दीर्घ श्वास घेतला.

"मिरच्यांना घालता वाटतं? काकवी?"

मी नाकावरचा पदर काढला. "गूळ आहे त्यात," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

घरी येऊन मी बरणी मोरीत आपटली. आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. तू सुगरण आहेस, ते झालं."

पण त्या पाकाने मिरच्यांचं सोनं केलं. खोडं जाड झाली, पानं काळपट हिरवी, पांढऱ्या फुलांचे ठिपके आणि मग एकेक मिरची आभाळाकडे बोट दाखवत वर. लिफ्टमधून उतरणारा माणूस थांबून बघायचा. मजल्यावरच्या मालवणी बाईने, जिचं दार लिफ्टशेजारी आहे, दोन मिरच्या मागून नेल्या आणि दुसऱ्या दिवशी कपाळाला हात लावून म्हणाली, "बाय माझे, घोवाच्या डोळ्यांत्सून पाणी इला!"

आणि काकूंची तुळस मात्र सुकत होती. आतल्या बाजूला, ऊन नसलेल्या ग्रिलमध्ये, पितळी वृंदावनात. वर रोज शुद्ध गोमूत्राचा अभिषेक. गणपतीच्या सुमारास तिचा पार खराटा झाला. मला फार बरं वाटत होतं. मग एक दिवस काकू वृंदावन उचलून खिडकीत घेऊन आल्या, आमच्या डब्यांपासून हातभर अंतर सोडून ते ठेवलं आणि आमची बेल वाजवली. मीच दार उघडलं.

"आई आहेत का?" त्यांनी विचारलं. मावशीची त्या दिवशी आई झाली होती. "तुमचं ते काकवीचं पाणी थोडं द्याल का हो? तुळस बघवत नाही मला. घरातली तुळस सुकणं बरं नसतं."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण माझ्या तोंडावर आली होती. पण तिच्यात आम्हीच गाढव ठरत होतो म्हणून गिळली. आत मोरीत आई कपडे घासत होती, तिला ऐकू गेलं नाही. मी बादलीभर पाण्यात चमचाभर पाक घातला आणि त्यातलं बाटलीभर काकूंना दिलं.

"रोज नको. आठवड्यातून एकदा. आणि ते शिंपडणं तेवढं बंद ठेवा, नाहीतर लागू पडणार नाही."

"हो हो," काकू म्हणाल्या. "तुम्हाला माहिती आहे, तुम्ही सांगाल तसं."

तुळस पंधरवड्यात पालवली. दसऱ्याला ती डेरेदार झाली होती. काकू तिला सकाळी पाणी घालत, हळदकुंकू वाहत, पदर खोचून प्रदक्षिणा म्हणून जागच्या जागी फिरत आणि दोन पानं खुडून तीर्थात टाकत. मी दार किंचित उघडं ठेवून चहा पीत ते पाहायची. त्या पान तोंडात टाकायच्या आणि मला बांगड्याचे डोळे आठवायचे. आयुष्यात इतका चवदार चहा मी प्यायले नाही.

आईला हे कळलं ते माझ्याच हसण्यामुळे. एका सकाळी मला ठसका लागेपर्यंत हसू आलं आणि मी सांगून टाकलं. मला वाटलं तीही हसेल. ती हसली नाही.

"सांग तिला," ती म्हणाली.

"का म्हणून? तिने तुला..."

"तिनं काय केलं ते मला ठावं हाय. तिच्या देवाची वस्तू हाय ती. चोरून काय करायचं न्हाई. करायचं तर तोंडावर कर."

"सांगते," मी म्हटलं. कधी सांगायचं ते मात्र मी ठरवणार होते.

दिवाळी झाली. तुळशीच्या लग्नाचं बोलावणं करायला काकू स्वतः आल्या. हातात अक्षता, चेहरा प्रसन्न. "या हं संध्याकाळी. यंदा आमची नवरी काय दिसतेय बघा!" मग आत नजर टाकून, आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "मावशींना कशाला दगदग? त्यांना प्रसाद पाठवीन मी."

काम झालं होतं, आईची पुन्हा मावशी झाली होती. मी म्हणाले, "येते काकू. नक्की येते."

मी माझी हिरवी पैठणी नेसले. काकूंच्या हॉलमध्ये तुळस मधोमध पाटावर होती, उसाच्या मांडवाखाली, हिरव्या बांगड्या, लाल चुनरी, खोडाला मंगळसूत्र. मोबाइलवर मंगलाष्टकं लावली होती. कुणाच्या तरी लहान मुलाच्या हातात कृष्णाची मूर्ती, मधे अंतरपाट म्हणून काकूंचा जुना रेशमी रुमाल. मजल्यावरचे सगळे होते, वर गिरगावातून काकूंच्या बहिणी आणि जावा आल्या होत्या. अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, चिंचा, आवळे आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद फिरला. मग एका जावेने विचारायला नको ते, म्हणजे मला हवं होतं ते विचारलं.

"काय गं, एवढी तुळस! मुंबईच्या फ्लॅटमध्ये! काय घालतेस काय तिला?"

मी काकूंकडे पाहिलं. खरं सांगते, त्या क्षणी त्या 'समोरच्यांनी दिलं' एवढं म्हणाल्या असत्या, तर कदाचित मी त्यांना बाजूला नेऊन हळू आवाजात सांगितलं असतं. कदाचित. पण काकू पदर सावरत म्हणाल्या, "काही नाही गं. रोज शुद्ध गोमूत्र. झाडालाही कळतं पावित्र्य."

"नाही हो काकू," मी म्हणाले. आवाज मी मुद्दाम काउंटरवरचा लावला, जो शेवटच्या माणसापर्यंत जातो. "गोमूत्राने ती मरत होती. आमच्या मिरच्या जशा तुम्ही मारल्यात तशी. गणपतीपासून तुम्ही तिला माझ्या आईच्या हातचं पाणी घालताय. बांगड्यांची डोकी, शेपट्या आणि गूळ."

मोबाइलवर मंगलाष्टकं संपून जाहिरात लागली होती. कुणी ती बंद केली नाही.

"बांगड्यांची?" जाऊ म्हणाली आणि नवरीच्या हातातल्या, म्हणजे फांदीवरच्या, काचेच्या बांगड्यांकडे पाहायला लागली.

"मासे," मी म्हणाले. "लालबागच्या मासळीबाजारातले. ताजे."

कोपऱ्यातली मालवणी बाई इतक्या जोरात हसली की तिच्या हातातले चुरमुरे सांडले. "अगो बाय! म्हणजे ही नवरी, ही व्हकल आमच्यातलीच गो!"

दोघीतिघींना हसू आवरेना. काकूंच्या एका बहिणीने तोंडातलं तुळशीचं पान हळूच रुमालात काढलं. काकू पांढऱ्याफटक पडल्या. "म्हणजे मी इतके दिवस... तीर्थात..." एवढंच त्या म्हणाल्या.

"काळजी करू नका," मी उठत म्हणाले. "शुद्ध नव्हतं. भरपूर पाणी घालून दिलं होतं."

पैठणीचा पदर सावरत मी घरी आले. मला वाईट वाटलं का? नाही. काळजात गारवा पसरला. आईने विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "तोंडावर." तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, साडी पाहिली, आणि "जेवून घे" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरेवाल्याची बेल वाजली म्हणून आईने पिशवी देण्यापुरतं दार उघडलं. मी आरशासमोर होते. बराच वेळ ती आत आली नाही म्हणून मी डोकावले. जिन्याजवळ, जिथे सगळे कचऱ्याचे डबे ठेवतात तिथे, तुळस पडली होती. वृंदावन काढून घेतलेलं, मुळं उघडी, एका फांदीला हिरवी बांगडी तशीच. कचरेवाला ती उचलायला बिचकत होता. आई दारातून पॅसेजमध्ये आली होती. काकूंच्या दारावरून चालत ती जिन्यापर्यंत गेली, तुळस मुळांसकट उचलली आणि लेकराला घ्यावं तशी कडेवर घेऊन खिडकीपाशी आली. एका मोकळ्या डब्यात तिला लावली. आत येऊन पाण्याचा मग घेतला आणि पुन्हा बाहेर गेली. इतके महिने खाली जाण्यापुरता, तोही मान खाली घालून ओलांडलेला उंबरा ती त्या सकाळी चार वेळा आतबाहेर ओलांडत होती, कारण झाडाला पाणी हवं होतं.

काकूंचं दार उघडलं. त्यांच्या हातात तांब्या होता. मी दात ओठ खात आमच्या दारात येऊन उभी राहिले. एक थेंब जरी माझ्या आईच्या दिशेने उडला असता तर तो तांब्या मी लिफ्टच्या खड्ड्यात टाकला असता. आईने मागे वळून पाहिलं.

"झाड हाय, बाई," ती म्हणाली. "असं टाकत न्हाईत. हितं ऊन हाय, हितं ऱ्हाऊ द्या."

काकूंनी तुळशीकडे पाहिलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या आईकडे. आता शिंपडायचं तर लग्न लावलेल्या तुळशीवर उडणार होतं, आणि तिला आईचा हात लागलेला होता. तांब्या तसाच घेऊन त्या आत गेल्या. तेव्हापासून आमच्या पॅसेजमध्ये टप टप ऐकू आलेलं नाही.

काकूंनी दादरच्या फुलबाजारातून नवी तुळस आणली आणि आतल्या ग्रिलमध्ये ठेवली. ती जगली नाही. मग दुसरी आणली, तीही नाही. आमच्या खिडकीतली मात्र फोफावली. तिच्याखाली आणि आजूबाजूला आईच्या मिरच्या, लाल, आभाळाकडे तोंड करून. यंदाचं बी आईने राखेत घोळवून चिंधीत बांधलं आहे, आणि चिंधी या वेळी चांगली जाड आहे.

आता रोज सकाळी ऊन आलं की आई पाण्याचा मग घेऊन खिडकीशी उभी असते, तुळशीच्या मागे. काकू आंघोळ करून दारात रांगोळी काढतात. पूर्वीची सवय सुटत नाही आणि घरात तुळस नाही, म्हणून आईखेरीज आजूबाजूला कुणी नाही ना ते बघून, पटकन, खिडकीकडे तोंड करून त्या हात जोडतात. आई हातातला मग कट्ट्यावर ठेवते, आलेला नमस्कार रीतसर घेते, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणते, "जय भीम, बाई."